बायबलमधली नीती जगावेगळी आहे का? नातीच्या निमित्तानं केलेली तुलना

माझी भाची गिरगावची हिंदू, जावई वसईचे ख्रिस्ती. राहतात दहिसरला, म्हणजे माहेर आणि सासर यांच्या मधे. लग्नात कुणी फारसं ताणून धरलं नाही. खरा पेच आला तो यंदा जूनमध्ये. नात तिसरीत गेली आणि शाळेतून एक कागद आला: मुलीला कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, तासाला बसवायचं की मॉरल सायन्सच्या, म्हणजे नीतिशिक्षणाच्या? एका चौकोनात खूण करायची होती, पण त्या चौकोनापायी घरात पंधरा दिवस कुणी धड जेवलं नाही.

भाचीचे सासरे म्हणाले, "वैऱ्यावर प्रीती करा, असं जगात दुसऱ्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय? पोरीला ते मिळायला हवं." माझे मेहुणे म्हणाले, "आमच्याकडे हे सगळं आधीपासून आहे. तुकारामाचा एक अभंग पुरे." दोघंही कळवळून बोलत होते आणि दोघांनीही समोरच्याचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. शेवटी भाचीचा फोन आला. "मावशी, तू शाळेत मराठी शिकवलंस, तुझ्या कपाटात दोन्ही पुस्तकं आहेत. मला खरं सांग. बायबलमधली नीती दुसरीकडे मिळतच नाही, असं आहे का? असेल तर मी तिथं बसवते. नसेल तर उगाच कशाला?"

तिला फोनवर उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे, तिच्यासाठी आणि असाच कागद ज्यांच्या घरात आला असेल त्यांच्यासाठी.

आधी एक पथ्य सांगते, कारण ते न पाळल्यामुळेच दोन्ही आजोबांचं भांडण झालं. आपल्या ताटातली पुरणपोळी आणि शेजाऱ्याच्या ताटातलं खरकटं अशी तुलना करायची नाही. येशूच्या डोंगरावरील प्रवचनासमोर मनुस्मृती ठेवली, तर निकाल आधीच लागलेला असतो. पसायदानासमोर जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातला, अमालेकी लोकांच्या बायकापोरांसकट कत्तलीचा हुकूम (१ शमुवेल, अध्याय १५) ठेवला, तरी तेच. चांगल्यासमोर चांगलं ठेवायचं आणि वाइटासमोर वाईट.

जे सगळीकडे आहे

ज्याला सुवर्णनियम म्हणतात तो आधी उरकते. लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं, तसंच तुम्ही त्यांच्याशी वागा, असं मत्तयाच्या सातव्या अध्यायात आहे. (मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही बायबलच्या नव्या करारातली येशूची चार चरित्रं, त्यांना शुभवर्तमान म्हणतात.) येशूच्या थोडा आधी होऊन गेलेल्या हिल्लेल या यहुदी गुरूची गोष्ट ताल्मुद या यहुदी धर्मग्रंथात येते. मी एका पायावर उभा असेपर्यंत मला सगळं धर्मशास्त्र शिकव, असं एकानं त्याला म्हटलं. हिल्लेल म्हणाला, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस, एवढंच शास्त्र, बाकी भाष्य, जा, शीक. कन्फ्युशियस हेच त्याच्याही कितीतरी आधी सांगून गेला होता.

यावर सासरेबुवांच्या बाजूनं एक उत्तर नेहमी येतं, की बाकीचे 'करू नका' म्हणतात, येशू 'करा' म्हणतो. मुद्दा चांगला आहे, पण टिकत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात 'यद्यदात्मनि चेच्छेत तत्परस्यापि चिन्तयेत्' आहे, म्हणजे स्वतःसाठी जे जे हवंसं वाटेल ते ते दुसऱ्यासाठीही इच्छावं. स्वतःसाठी जे आवडतं तेच भावासाठी आवडेपर्यंत कुणी खरा श्रद्धावान होत नाही, ही पैगंबरांची हदीसही, म्हणजे परंपरेनं सांगितलेलं वचनही, प्रसिद्ध आहे.

कुसळ आणि मुसळ तर आपण रोज बोलतो. मत्तयात ते आहे, आणि बौद्धांच्या धम्मपदात 'सुदस्सं वज्जमञ्ञेसं, अत्तनो पन दुद्दसं' आहे: दुसऱ्याचा दोष चटकन दिसतो, आपला दिसणं कठीण. मार्कच्या बाराव्या अध्यायात मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा आहे. येशू म्हणतो, सगळ्या श्रीमंतांपेक्षा हिनं जास्त टाकलं. महाभारतात युधिष्ठिराच्या अश्वमेधानंतर अर्ध्या सोन्याच्या अंगाचं मुंगूस येतं आणि भर मंडपात सांगतं, की तुमच्या या एवढ्या यज्ञाला त्या उपाशी ब्राह्मण कुटुंबानं अतिथीला दिलेल्या मूठभर सातूची सर नाही. मुलीला दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी सांगाव्यात. मुंगूस तिला जास्त आवडेल.

तेव्हा सुट्या उपदेशांच्या बाबतीत 'फक्त इथंच' हा दावा खरा नाही. आणि तसा दावा पुस्तक स्वतःही करत नाही. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर येशू जी दोन वचनं सांगतो ती जुन्या करारातली आहेत, एक 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं आणि एक 'लेवीय' नावाच्या. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हा येशूचा प्रचारक तर सरळ म्हणतो, की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही तेही स्वभावतः त्याप्रमाणे वागतात, ते त्यांच्या हृदयावर लिहिलेलं असतं. सासरेबुवांना हे वचन दाखवा. वाद निम्मा तिथंच मिटेल.

आजाऱ्याची सेवा: तीन पुस्तकं शेजारी शेजारी

माझ्या मेहुण्यांचा अभंग म्हणजे अर्थातच 'जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले'. पुढची ओळ ते घाईत म्हणतात, पण खरी धग तिच्यात आहे: 'दया करणें जें पुत्रासी, तेचि दासा आणि दासी'. ज्या मायेनं आपल्या मुलाकडे बघतो तीच घरच्या कामवालीला. हे सतराव्या शतकातलं, त्यामुळे 'आधीपासून' हा शब्द मात्र त्यांनी जपून वापरावा.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचा देखावा आहे. राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. परका होतो, घरात घेतलंत. उघडा होतो, कपडे दिलेत. तुरुंगात होतो, भेटायला आलात. लोक गोंधळतात. महाराज, तुम्हाला आम्ही कधी बघितलं? तो म्हणतो, या माझ्या धाकट्यातल्या धाकट्या भावाला जे केलंत ते मलाच केलंत.

आणि विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या बौद्ध ग्रंथात, बुद्ध आणि त्याचा शिष्य आनंद विहारातून फिरताना एका भिक्षूपाशी येतात. त्याला अतिसार झालेला, तो आपल्याच घाणीत पडलेला. कुणी बघत नाही, कारण तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही. बुद्ध पाणी ओततो, आनंद त्याला धुतो. एक जण डोक्याकडून, एक जण पायांकडून उचलून त्याला बिछान्यावर ठेवतात. मग बुद्ध सगळ्यांना बोलावून सांगतो: भिक्षूंनो, इथं तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करील? ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी.

मत्तयातलं वाक्य आणि हे वाक्य जवळजवळ एकच आहे. मला दोन्ही वाचताना गळ्याशी येतं. माझ्या आईचे शेवटचे सात महिने अंथरुणात गेले. ते धुणं, पुसणं, कुशीवर वळवणं मी केलंय. म्हणून सांगते, विनयातल्या गोष्टीत हातांचं काम जास्त दिसतं. पाणी कुणी ओतलं, डोकं कुणी धरलं, तेही लिहून ठेवलंय.

मग मत्तयात वेगळं काय? दोन गोष्टी. एक, त्याची यादी घराबाहेर, संघाबाहेर जाते: परका आणि तुरुंगातला. आणि कैदी निर्दोष असला पाहिजे अशी अटही तिथं नाही. दुसरी, हा शेवटचा पेपर आहे, आणि त्यात श्रद्धेबद्दल एकही प्रश्न नाही. जे पास होतात त्यांना आपण काय केलं हेही ठाऊक नसतं. मात्र त्याच अध्यायाचा शेवट नापासांना सार्वकालिक शिक्षेत धाडून होतो. आठ वर्षांच्या मुलीला रात्री झोपताना तो शेवट मी वाचून दाखवणार नाही. मोठी झाल्यावर तिनं तोही वाचावा आणि त्यावर आईबापांशी भांडावं.

चांगला शोमरोनी

लूकच्या दहाव्या अध्यायातली ही गोष्ट नावानं सगळ्यांना ठाऊक असते. आपल्या देशाच्या कायद्यातही ते नाव आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांचा जाच होऊ नये म्हणून मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४-ए हे कलम आलं. त्यात 'गुड समॅरिटन' हेच शब्द आहेत. तो समॅरिटन म्हणजे आपल्या मराठी बायबलातला शोमरोनी.

यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता. लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलेलं. याजक बघून बाजूनं जातो, लेवी म्हणजे मंदिराचा सेवकही जातो. मग शोमरोनी येतो, तेल आणि द्राक्षारस घालून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि म्हणतो, जास्त लागले तर परत येताना देईन.

आपल्या वाचनात ती 'मदत करा' अशी गोष्ट होऊन जाते आणि तिची नांगी मोडते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. ऐकणाऱ्या शास्त्र्यानं विचारलं होतं, माझा शेजारी कोण? म्हणजे मी कुणापर्यंत प्रीती करायची, हद्द सांगा. येशू शेवटी प्रश्नच फिरवतो: या तिघांपैकी शेजारी कोण झाला? आणि त्या शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द काही निघत नाही. तो म्हणतो, ज्यानं दया केली तो.

गेल्या महिन्यात मी दहिसरला मुक्कामाला होते. नातीला ही गोष्ट सांगितली आणि विचारलं, आपल्या बिल्डिंगमध्ये शोमरोनी कोण ग? मला वाटलं वॉचमन म्हणेल, नाहीतर कचरा नेणाऱ्या मावशी. ती जरा विचार करून म्हणाली, "वरच्या मजल्यावरचे काका. बाबा त्यांच्याशी बोलत नाहीत ना." गळतीवरून दोन वर्षांपूर्वी भांडण झालेलं. जावई बाहेरच्या खोलीत मोबाइल बघत बसले होते. त्यांनी मोबाइल खाली ठेवला, पण बोलले काही नाहीत. मुलीला गोष्ट बरोबर कळली होती.

आता हे आपल्याकडे आहे का? मी बरेच दिवस शोधलं. एकनाथांच्या चरित्रात तहानेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजल्याची कथा आहे, वाळवंटात भाजणाऱ्या अस्पृश्याच्या पोराला कडेवर घेतल्याची आहे. दोन्ही सोन्यासारख्या. पण दोन्हींत देणारा वरचा आणि घेणारा खालचा. शिबी राजा, कर्ण, हरिश्चंद्र, सगळीकडे मोठा माणूस देतो. लूकच्या गोष्टीत ज्याला आपण हलका समजतो तो देणारा आहे, आणि रस्त्यावर पडलेले आपण आहोत. त्याच्या हातानं पाणी प्यायचं आहे. एवढी थेट उलटापालट मला दुसरीकडे सापडली नाही. सगळ्यांत जवळची म्हणजे महाभारतातला धर्मव्याध, मिथिलेतला मांस विकणारा, जो कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो. तिथंही मान खाली घालावी लागते ती शिकलेल्याला. पण तो ज्ञान देतो. जखम बांधत नाही.

मात्र लगेच दुसरी बाजू. शोमरोन्याची गोष्ट शोमरोन्यानं लिहिलेली नाही. आपल्याकडे चोखोबा स्वतः म्हणतो, 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा'. सोयराबाई स्वतः म्हणते, 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध'. दासी जनाबाई भरल्या बाजारी जाईन म्हणते. ज्याला दाराबाहेर ठेवलं त्याच्याच तोंडचे शब्द, तेही नुसती हकीकत म्हणून नव्हे तर कविता म्हणून, आणि ते शतकानुशतकं वारीत गायले जातात. नव्या करारात अशा माणसांवर माया आहे, पण त्यांचं स्वतःच्या हातचं लिहिणं नाही. 'जगावेगळं' हा शब्द वापरायचाच तर तो इथं मराठी संतांनाही लावावा लागेल.

उधळ्या पुत्र आणि दुसरा एक हरवलेला मुलगा

लूकचा पंधरावा अध्याय. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, उधळतो, डुकरं राखायची वेळ येते, परत येतो. तो दूर असतानाच बाप त्याला बघतो आणि धावत सुटतो. मुलानं पाठ केलेलं माफीचं वाक्यही तो पुरतं बोलू देत नाही.

महायान बौद्धांच्या सद्धर्मपुंडरीक सूत्रात चौथ्या अध्यायात जवळजवळ हीच गोष्ट आहे. मुलगा लहानपणी घर सोडून जातो, दरिद्री होऊन भटकत बापाच्या वाड्यापाशी येतो. बाप ओळखतो. पण तो श्रीमंती थाट बघून मुलगा घाबरून पळतो. धरून आणलं तर बेशुद्ध पडतो. मग बाप आपली ओळख लपवतो. साध्या माणसांकरवी त्याला उकिरडा उपसायच्या कामावर लावतो, स्वतः मळके कपडे घालून त्याच्याजवळ जातो, हळूहळू भांडाराची कामं सोपवतो. वीस वर्षं जातात. मुलाच्या मनातला न्यूनगंड गेल्यावर, मरणाच्या आधी, सगळ्यांसमोर सांगतो: हा माझा मुलगा, हे सगळं याचंच.

जणू एकाच बीजातून आलेल्या दोन गोष्टी. लूकचा बाप धावतो, सूत्रातला बाप थांबतो. लूकमध्ये क्षमा आधी मिळते, लायकी नंतर बघू. सूत्रात माणूस स्वतःच्या नजरेत उभा राहीपर्यंत दिलेलं त्याला पेलत नाही. शिक्षिका म्हणून मी दुसऱ्या बापाच्या बाजूची होते. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला मिठी मारून भागत नाही, त्याला फळ्याशी आणून एक गणित सुटेपर्यंत शेजारी उभं राहावं लागतं. पण घरात, रात्री साडेअकराला दार वाजल्यावर, मला पहिला बाप हवा. या धावणाऱ्या बापासारखं काही मला दुसऱ्या पुस्तकात दिसलं नाही. पुरुषानं, घरच्या कर्त्यानं, गावादेखत धोतर सावरत धावणं. आपल्या विठ्ठलाला आपण माउली म्हणतो, आणि माउली धावते हे आपल्याला नवीन नाही. इथं बाप धावतो.

ही गोष्ट ऐकून नात म्हणाली, "पण मोठ्या दादाला पार्टीला बोलावलंच नाही." मी म्हटलं, तो रागावून बाहेर बसला. ती म्हणाली, "नाही, आधी. त्याला कुणी बोलवायला गेलंच नाही." मी पुस्तक उघडलं. खरंच, मोठा शेतात आहे, घराजवळ येतो तेव्हा गाणं-नाच ऐकू येतं आणि चाकराला विचारतो काय चाललंय. कुणी त्याला निरोप पाठवलेला नाही. तीसेक वर्षं मी ही गोष्ट वाचत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. गोष्ट संपते तेव्हाही तो अंगणातच आहे. बाप समजावतो, तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही.

वैऱ्यावर प्रीती

सासरेबुवांचा हा हुकमाचा पत्ता, म्हणून त्यावर नीट बोलते. 'वैरानं वैर शमत नाही, अवैरानंच शमतं' हे धम्मपदाच्या पाचव्या गाथेत आहे. मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या करवतीच्या उपमेत बुद्ध म्हणतो, दरोडेखोर दोन मुठींच्या करवतीनं तुमचा एकेक अवयव कापत असले, तरी जो मनात द्वेष आणील तो माझं ऐकणारा नव्हे. कुराणात (४१:३४) वाइटाला चांगल्यानं उत्तर द्यायला सांगितलंय, म्हणजे वैरी जिवलग मित्रासारखा होईल. आणि ज्ञानोबा १२९० साली मागतात काय? 'जे खळांची व्यंकटी सांडो'. खळ मरो असं नाही, त्याचा वाकडेपणा जावो. पुढे 'भूतां परस्परें जडो मैत्र जीवांचें'. तेव्हा 'दुसऱ्या कुठल्या पुस्तकात' याचं उत्तर, बऱ्याच.

फरक आहे तो कारणात. गीता 'समः शत्रौ च मित्रे च' म्हणते ती स्थिरबुद्धी भक्ताच्या लक्षणात. बुद्ध सांगतो ते मनाच्या मोकळेपणासाठी. येशू कारण देतो ते पावसाचं: देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाडतो, तुम्ही त्याची लेकरं असाल तर तसेच व्हा.

मराठी माणसाला तुकोबांची दुसरी ओळही पाठ असते: 'भले तरी देऊं कासेची लंगोटी, नाठाळाचे माथीं हाणूं काठी'. शाळेच्या बसमध्ये कुणी वेणी ओढत असेल तर नातीला कुठलं वचन द्यायचं? मी काठीचंही देईन. आणि दुसरा गाल पुढे करण्याबद्दल भाचीला एक गोष्ट निक्षून सांगते. मत्तयात शब्द 'उजव्या गालावर' असा आहे. उजव्या हाताच्या माणसानं समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर पालथ्या हातानं, म्हणून काही अभ्यासक ते अपमानाबद्दल आहे, मारहाणीबद्दल नाही, असं वाचतात. ते बरोबर असो वा नसो, घरात नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हे वचन कधीही ऐकवायचं नाही. माझ्या ओळखीच्या एकीला ते ऐकवलं गेलं. दुसरीला तसंच पतिव्रतेच्या कथांमधून ऐकवलं गेलं. दोघींनी वर्षं काढली. 'सहन कर' हा उपदेश कुठल्याही पुस्तकातून आला तरी मुलींच्या बाबतीत मी आधी त्याच्यावर संशय घेते.

जे कमी पडतं

थोडक्यात. प्राण्यांबद्दल नवा करार फार बोलत नाही. चिमणीही देवाच्या नजरेबाहेर पडत नाही असं सुंदर वाक्य आहे, पण येशूनं काढलेली भुतं शिरून दोन हजार डुकरं तळ्यात बुडतात त्याचं दुःख कुणाला नाही. इथं जैन आणि बौद्ध कितीतरी पुढे. मन कसं आवरायचं याची रोजची रीत बौद्धांकडे आहे, शुभवर्तमानात आदेश आहे पण रियाज कमी. दोन्ही बाजू चांगल्या असताना कर्तव्य कसं ठरवायचं, याला गीता आणि महाभारतच लागतं. आणि नव्या करारातल्याच, इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा, असं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात बाईनं शिकवू नये, मुकाट राहावं, असं आहे. गीतेतही स्त्रिया, वैश्य, शूद्रांना पापयोनी म्हणणारा श्लोक (९:३२) आहे. सगळ्यांच्या ताटात खरकटं आहे.

आपल्याच गल्लीतले जुने निकाल

हा वाद आमच्या गिरगावाला नवा नाही. १८३१ मध्ये मिशनरी जॉन विल्सनशी मोरभट दांडेकरांनी वाद घातला, १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारींनी समुद्रकिनारी आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांशी. पण त्या जिंकण्या-हरण्यापेक्षा मला ज्यांनी आयुष्य पणाला लावलं त्यांची उत्तरं मोलाची वाटतात.

पंडिता रमाबाईंनी संस्कृत शास्त्रं मुळातून वाचली होती. इंग्लंडमध्ये फुलहॅमला 'पतित' म्हटल्या गेलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी बाई वाचली, आणि १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचं उत्तर होतं, हे आमच्या शास्त्रांत नव्हतं. १८८९ मध्ये त्यांनी चौपाटीवर शारदा सदन काढलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतला, पण आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. गावदेवीच्या मणिभवनात ज्यांचा मुक्काम असे त्या गांधीजींनी लंडनमध्ये तरुणपणी डोंगरावरील प्रवचन वाचलं. ते थेट हृदयाला भिडलं आणि त्यांना आठवला तो कवी शामळ भट्टांचा गुजराती छप्पा, म्हणजे अपकारालाही उपकारानं उत्तर द्या सांगणारं पद, लहानपणी ऐकलेलं. बाबासाहेबांनी दादरच्या राजगृहात सगळे धर्म तपासले, चर्चमध्येही जात टिकलेली पाहिली, आणि बुद्धाकडे गेले.

आणि जोतीराव. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिलंय: बाईनं बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून तो घ्यावा, नवऱ्यानं बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून मुसलमान, मुलानं सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात एकमेकांचा हेवादावा न करता राहावं. दहिसरच्या फ्लॅटसाठी याहून जवळचं मी काय शोधू?

तेव्हा त्या कागदावर काय करायचं

त्या कागदानं दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेत. कॅटेकिझम हा नीतीचा तास नाही. तो श्रद्धेचा आहे, त्या वयाला पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीची, तयारी त्यात असते. जावयांना मुलगी त्यांच्या आईवडिलांच्या वेदीपाशी उभी राहिलेली हवी असेल, तर तसं स्वच्छ म्हणावं आणि भाचीनं तेवढ्याच स्वच्छपणे हो किंवा नाही म्हणावं. तो निर्णय नवराबायकोचा. पण 'नीती तिथंच मिळते' या कारणानं खूण करू नये, कारण ते कारण खरं नाही. आणि 'आपल्याकडे सगळं आहेच' म्हणून नाकारूही नये, कारण धावणारा बाप आणि जखम बांधणारा शोमरोनी आपल्याकडे त्या रूपात नाहीत. ते तिला न मिळणं हे नुकसान आहे.

मॉरल सायन्सच्या तासाबद्दल माझा अनुभव बरा नाही. धर्म कुठला ते कळू नये म्हणून गोष्टींची मुळं कापलेली असतात, आणि खाली 'तात्पर्य' छापलेलं. अशा गोष्टीवर मुलं प्रश्न विचारत नाहीत.

तास कुठलाही घ्या, वाचन घरी करा. मराठीतच. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल सोपं आहे, आणि तुकारामाची गाथा मेहुण्यांच्या कपाटात आहे. आत्ता, आठव्या वर्षी, लूकचे दहावा आणि पंधरावा अध्याय, मुंगूस, एकनाथांचं गाढव, विनयातला आजारी भिक्षू. बारा-तेराव्या वर्षी धम्मपद, चोखोबा, सोयराबाई आणि मत्तयाचे पाच ते सात. गीता सोळानंतर, जेव्हा दोन बरोबर गोष्टींतून एक निवडायची वेळ तिच्यावर येईल.

आणि एक अट, तुमच्या दोघांच्याही वडिलांना कळवा. येत्या रविवारी मी येते. उधळ्या पुत्र मी वाचेन. 'जे का रंजले गांजले' सासरेबुवांनी वाचायचं, मेहुण्यांनी पसायदान न म्हणता मत्तयाचा पंचविसावा. नातीनं मोठ्या भावाचा प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर कुणी तयार करून आणू नका, मलाही ते सापडलेलं नाही. आणि जावयांना म्हणावं, चहाला वरच्या मजल्यावरच्या काकांनाही बोलवा.